पडदा चालू झाला की सही

बदलीचा आदेश हातात असूनही माणूस जागचा हलू शकत नाही, हे सरकारी नोकरीत नसलेल्यांना समजावणं कठीण आहे. माझ्या आईला तर ते शेवटपर्यंत पटलं नाही. "कागद आला न, मंग निघ न," ती म्हणायची. पण नुसत्या कागदाने काही होत नाही. आपण जिथे आहोत तिथल्या साहेबाने 'कार्यमुक्त केले' असं लिहून सही करावी लागते. ती होईपर्यंत आदेश पर्समध्ये घालून रोज कामावर जायचं. याला आम्ही रिलीव्ह होणं म्हणतो, आणि मी त्यासाठी जेवढी तळमळले तेवढी कुठल्याच गोष्टीसाठी तळमळले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे मी छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौंसर तहसिलीतल्या एका गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हाच्या साहेबांची माणसं अजून त्याच भागात राहतात आणि भेटली की मला आग्रहाने चहा पाजतात. माझा नवरा पांढुर्ण्याला मास्तर. दीड वर्षाची मुलगी त्याच्याकडे, म्हणजे खरं तर माझ्या मोठ्या जावेकडे, कारण मास्तर दिवसभर शाळेत. मी एका खोलीत भाड्याने. रोज अपडाउन करणारे पुष्कळ होते, पण मशीन केव्हा रुसेल याचा नेम नसल्यामुळे मला गाव सोडायची परवानगी नव्हती. साहेबांनी तोंडी सूट दिली होती ती फक्त रविवारची. शनिवारी संध्याकाळी सौंसरला येऊन पांढुर्ण्याची गाडी धरायची आणि सोमवारी पहाटे परत.

अशाच एका शनिवारी मी घरात शिरून हात पुढे केले, तर मुलीने मान वळवली आणि जावेच्या खांद्यात तोंड लपवलं. जाऊ चांगली बाई. ती घाईघाईने म्हणाली, "झोप आली बाप्पा तिले." झोप आलेली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले आणि दुसऱ्याच दिवशी बदलीचा अर्ज लिहिला. नवऱ्याने छिंदवाड्याच्या ऑफिसात चकरा मारमारून तो मंजूरही करून घेतला. पांढुर्ण्याला एक जागा रिकामी होती. आता राहिली होती फक्त साहेबांची सही.

आणि नेमकं त्याच सुमाराला आमच्याकडे नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसलं.

खोलीतला हाताने जोडण्या करायचा जुना बोर्ड निघाला आणि त्याच्या जागी लोखंडी कपाटं उभी राहिली. धूळ नको म्हणून खिडक्यांना प्लायवूड ठोकलं. दारात चपला काढायच्या, दार लगेच लावायचं. आत एसीची घरघर आणि ट्यूबलाइट. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय काही कळत नसे. मशीनशी बोलायला एक पडदा आणि कीबोर्ड मिळाला होता, त्याला टर्मिनल म्हणायचे. बसवायला आलेल्या मंडळींनी तो कपाटाशेजारी ठेवून चालवून दाखवला, हिरवी अक्षरं भराभरा आली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि ती मंडळी निघून गेली.

ती गेल्याबरोबर साहेब म्हणाले, "हे माह्या टेबलावर पायजे."

साहेब मोहगावकडचे, मनाने दिलदार, स्वतःच्या बागेतली संत्री पिशवी भरून मला द्यायचे. पण ऑफिसातली जी वस्तू सगळ्यांत महाग ती साहेबांच्या केबिनमध्ये, हा आमच्याकडचा अलिखित नियमच. गादीची खुर्ची, पंखा, थर्मास, सगळं तिथेच. मग हा टीव्हीसारखा पडदा बाहेर कसा राहील? वायर होती हातभर. आमच्या ऑफिसातल्या लाइनमनकाकांनी ती मधोमध कापली, उरलेल्या टेलिफोन केबलचा तुकडा जोडून लांब केली, भिंतीला भोक पाडून केबिनमध्ये नेली. वहिनीसाहेबांनी पडद्याला झालर लावलेलं मखमली कव्हर शिवून पाठवलं. कव्हर काढून बटण दाबलं, तर कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहिली. अक्षर एकही नाही.

फोन चालू होते. पण त्या पडद्याशिवाय नवं कनेक्शन देता येईना की बिघाड शोधता येईना, आणि कनेक्शनसाठी थांबलेले व्यापारी साहेबांच्या दारात बसू लागले. मी आदेश पुढे केला तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, मी काय तुमचा दुश्मन हाय? पडदा चालू करून द्या, त्याच संध्याकाळी सही."

मी कामाला लागले. दोन्ही टोकांचा बोलण्याचा वेग सारखा असावा लागतो, म्हणून टर्मिनलच्या मागची बारीक बटणं खालीवर करून पाहिली. एक बटण हलवायचं, केबिनमधून निघायचं, चपला काढायच्या, आत जाऊन मशीन पुन्हा सुरू करायचं, चपला घालायच्या, परत यायचं. रेघ लुकलुकतेच आहे. सगळे वेग झाले, सगळ्या जुळण्या झाल्या. ट्रेनिंगमधलं पुस्तक पाठ झालं. लांब केलेल्या वायरच्या जोडणीचा मला पहिल्यापासून संशय होता. लाइनमनकाकांना मी ती तपासायला लावली. त्यांनी तारांची एकेक जोडी घेतली, एका टोकाला दोन्ही तारा एकत्र पिळल्या, दुसऱ्या टोकाला बझर लावला. प्रत्येक जोडी वाजली. "सगळ्या बोलून राहिल्या बाई," ते म्हणाले. मग टर्मिनल परत कपाटाशेजारी नेऊन पाहू, असं मी साहेबांना म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. बाहेर व्यापारी बसलेले असताना टेबलावरची वस्तू उचलून नेली तर काय दिसेल?

शनिवार येत होते आणि जात होते. एका शनिवारी तर साहेबांनी तोंड वाकडं केलं, "असं अर्ध्यावर टाकून जाता?" मी थांबले. रविवारभर त्या बंद खोलीत बसून राहिले. पांढुर्ण्याला फोन लावायला सगळं एक्स्चेंज माझ्या हाताशी होतं, पण आमच्या घरी फोन नव्हता. त्या दिवशी मी मशीनला शिव्या दिल्या, साहेबांना दिल्या, मखमलीच्या कव्हराला दिल्या. दार आतून उघडता येत असूनही मला कोंडल्यासारखं होत होतं.

मग एक दिवस साहेबांच्या टेबलावरचा फोन खरखरू लागला. मी नेहमीप्रमाणे काळ्या पडद्यासमोर कपाळाला हात लावून बसले होते. लाइनमनकाका टेबलाखाली शिरले, जुना जोड तोडला आणि गप्पा मारत मारत, हाताकडे न बघता दोन्ही तारा नव्याने पिळून टाकल्या.

मी सहज म्हटलं, "काका, कोणती कुठे होती ते तरी पाहा."

"टेलिफोनले काय करायचं बाई? हे तिकडं लावा का ते इकडं लावा, घंटी वाजतेच."

ते खरंच होतं. मीही जन्मभर तसंच जोडत आले होते. टेलिफोनच्या जोडीतल्या दोन तारा अदलाबदल झाल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून आमच्या धंद्यात ते कुणी बघतच नाही. पण टर्मिनलच्या वायरमध्ये एक तार बोलायची असते आणि एक ऐकायची. बझरला जोडी अख्खी असली की पुरे, आतली कोण कुठे गेली हे तो सांगत नाही. मी उठले तशी खुर्ची मागे पडली.

भिंतीपाशी बसून मी जोडावरची टेप सोडवली आणि या वेळी एकेक तार सुटी तपासली. बोलायची दोन नंबरची तार ऐकायच्या तीनवर गेली होती, तीन नंबरची दोनवर. मशीन आणि टर्मिनल दोघंही इतके दिवस बडबडत होती आणि एकमेकांचं एक अक्षर त्यांना ऐकू जात नव्हतं. मी तारा सरळ केल्या, टेप गुंडाळली, कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. हिरवी अक्षरं वरून खाली धावत सुटली. मला रडूच फुटलं. लाइनमनकाका घाबरून पाणी आणायला धावले.

साहेबांनी जिलेबी मागवली. बसलेल्या व्यापाऱ्यांना आत बोलावून पडदा दाखवला, त्यांच्या फोनचे नंबर माझ्याकडून टाइप करून घेतले. संध्याकाळ झाली. मी आदेश टेबलावर ठेवला. साहेबांनी तो हळूच माझ्याकडे सरकवला.

"उद्या पाहू न बाई."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या नजरेला नजर देईनात. त्यांनी वर लिहून टाकलं होतं की हे मशीन चालवू शकणारं दुसरं कुणी इथे नाही, तरी ही बदली स्थगित करावी. मी भांडले. आवाज चढवून भांडले, बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. साहेब बिचारे अगदी मनापासून म्हणाले, "तुमच्यासारखं मानूस मी कसं सोडू सांगा? हे बंद पडलं त मी कोनाले बोलावू?"

त्या घटकेला मला माझा मूर्खपणा कळला. पडदा बंद होता तोवर तो चालू करायला मी हवी होते आणि चालू झाल्यावर सांभाळायला मी हवी होते. रागाच्या भरात मी एकदा स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या जोडापाशी बसलेही. तारा पुन्हा उलट्या करणं मिनिटाचं काम. पण त्या उलट्या झाल्यावर दुरुस्तीला तरी कुणाला बसवणार होते? मी टेप न सोडवता उठले. लाइनमनकाकांना शिकवायचा प्रयत्न केला, पण कीबोर्डसमोर बसवलं की ते देवळात बसल्यासारखे हात जोडून बसत. पांढुर्ण्याची जागा भरली गेली. मला कौतुकाचं पत्र आलं, ते मी फाडून टाकलं.

पुढे दर वर्षी अर्ज, दर वर्षी नकार. मुलगी बालवाडीत गेली, मग पहिलीत गेली. शेवटी साहेबांचीच बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या नव्याने निघालेल्या बदलीच्या आदेशावर न वाचता सही केली. एवढंच होतं ते.

पांढुर्ण्याला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ट्रंक नवऱ्याने उचलली. मुलगी ओसरीवर अभ्यास करत होती. मला पाहून शहाण्यासारखी उठली, पाणी आणून दिलं आणि विचारलं, "आज त बुधवार हाय, काऊन आली?"

"आता मी इथेच राहणार. सोमवारी जायचं नाही. कधीच नाही," मी म्हणाले. इतक्या वर्षांचा आनंद माझ्या आवाजात मावत नव्हता.

तिने जरा विचार केला. शनिवार-रविवार ती माझ्याजवळ झोपायची, कुणी सांगितलं म्हणून, निमूटपणे. बाकीच्या रात्री जावेजवळ. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तिथे जाऊ पदराला हात पुसत उभी होती, आणि मग अगदी रडवेली होऊन मला विचारलं,

"मंग मी मोठ्या आईजवळ कवा झोपू?"