आत्याचा निरोप

आत्या गेल्याचं मला नगरच्या एसटी स्टँडवर कळलं. आत्याच्या गावचा, काष्टीचा एक ओळखीचा माणूस गाडीतून उतरला, माझ्याजवळ आला आणि हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाला, "गंगूबाई गेल्या सकाळी. झोपेतच." त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले...

गंगूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, एकुलत्या दत्तूला तिनं एकटीनं वाढवलं. दत्तू फौजेत गेला आणि एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीपलीकडे, आपल्या पलटणीनं घेतलेल्या एका गावाच्या शिवारात पडला. सोबत्यांनी त्याला तिथंच अग्नी दिला. त्यांतला शेवगावचा महादेव रजेवर आल्यावर हे सांगायला घरी आला. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सावली हाय का तिथं?"

"हाय, आई. हिरीपाशी मोठी बाभळ हाय. तिच्याखालीच."

त्या बाभळीवर आत्या जगली. ते शिवार आपल्या फौजेच्या ताब्यात होतं. एकदा तरी तिथं जाऊन माथा टेकायचा, हे तिनं मनाशी धरलं होतं. महादेवानंही नेतो म्हणून शब्द दिला होता.

पुढं दोन्ही देशांची बोलणी झाली आणि घेतलेला मुलूख एकमेकांना परत करायचं ठरलं. काष्टीच्या बाजारात माणसं चिडली होती. "पोरांनी रगत सांडून घेतलं, ह्यांनी बसल्या जागी देऊन टाकलं," एक जण म्हणाला. मागे आत्या उभी आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो वरमला. आत्या शांतपणे म्हणाली, "दिलं ते बरं केलं. ज्यांची रानं हुती ती मान्सं कुठं उघड्यावर पडली असत्याल. त्यांनी कवा पेरायचं?"

घरी आल्यावर मात्र ती चुलीपुढं बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. "आता मला कोन जाऊ देईल रं तिकडं?" तिचं तसं रडणं मी दत्तू गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तिच्या हट्टापायी मी तिला नगरला फौजेच्या कचेरीत नेलं. साहेब मराठी होते, वयस्क. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि ती जमीन आता आपल्याकडे राहिली नाही, हे हळू आवाजात समजावलं.

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "जमीन नगं. तुमचं त्यांचं बोलनं हुतंय न्हवं? मग तिकडल्या शेतकऱ्याला येक निरोप द्या. रान तुझं तुला लाभू दे म्हनावं. फकस्त ती बाभळ तोडू नगं."

साहेबांनी निरोप कागदावर लिहून घेतला आणि म्हणाले, "सांगून बघतो, बाई."

त्यांनी सांगितलंही असेल. उत्तर काही आलं नाही. पुढं दोन्हीकडचे कैदी सुटले, तेव्हा "कुनाची तरी लेकरं घरी आली" म्हणून आत्यानं देवापुढं साखर ठेवली. पण मी भेटलो की विचारायची, "सायबाचं काय कळलं का?" मी म्हणायचो, "कळेल." शेवटी शेवटी तिनं विचारणंही सोडलं.

तिच्या खोलीतली बाज तिरपी पडली आहे. शाळेतल्या गुरुजींना दिशा विचारून तिनं ती स्वतः ओढून तशी लावली होती, निजल्यावर तोंड त्या मुलखाकडे राहावं म्हणून. त्यामुळं दार पुरतं उघडत नाही. दिवसकार्याला आलेले सगळे अंग चोरून आत गेले, अंग चोरूनच बाहेर आले. बाज सरळ करा, असं कुणी कुणाला म्हटलं नाही.