माशांच्या पेटीतली फणी
सुताला लावायच्या खळीचा वास आला की सोलापूरच्या आमच्या घरातली माशांची काचपेटी आठवते. वडिलांनी हौसेने फायटर माशांची जोडी आणली आणि पहिल्याच दुपारी नराने मादीची शेपटी फाडली. आईने घरच्या हातमागाची जुनी, खळी चिकटलेली वेळूची फणी, म्हणजे ताण्याचे धागे ओवायची बारीक फटींची चौकट, धुऊन पेटीत मधोमध उभी केली. “फटीतनं बघू देत की एकमेकांना, अंगावर जायचं न्हाय,” ती म्हणाली. नर आधी फणीवर धडका देत राहिला. मग एका सकाळी त्याने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं केलं. आईने फणी काढली, तर मादी आपणहून त्याखाली गेली. “तुला कसं गं सुचलं?” मी विचारलं. “लग्न करून मला हितं आणलं तवा कुणी फणी लावली न्हवती,” आई म्हणाली. वडील शेजारीच उभे होते. ते त्या पेटीत इतका वेळ काय बघत राहिले, याचं कुतूहल मला अजून आहे.