उचलून राह्यली होती

गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, असं महाराष्ट्रभरच्या सरकारी नोकरांना वाटतं. त्यामुळे आमच्या छोट्या नगर परिषदेत येणारे बहुतेक साहेब सामान सोडायच्या आधीच परत जायच्या खटपटीला लागतात. मी तिथे बरीच वर्षं लिपिक आहे. असे पुष्कळ आले नि गेले, त्यांची आठवण काढावी असं काही नाही. साताऱ्याकडून आलेल्या एका मॅडमची मात्र काढावीशी वाटते, तीही एका चौकशीमुळे.

बाजाराच्या दिवशी आमचा एक कर्मचारी रस्ता मोकळा करत फिरत होता. तलावातले मासे विकणाऱ्या एका बाईच्या टोपल्याला त्याने लाथ मारली. मासे चिखलात गेले. वर सगळ्यांपुढे ओरडला, ही उठत नाही, मुजोर आहे. दुसऱ्या दिवशी बाई शेजारणीकडून अर्ज लिहून घेऊन ऑफिसात हजर. आवक खिडकीवरच्या आमच्या बाबूने तिला समजावून पाहिलं, "काऊन लफड्यात पडतं बाई? जाऊ दे ना."

"मासे गेले तं गेले," ती म्हणाली. "पण मी मुजोर नोती, थे कागदावर पायजे मले." पोच हातात पडेपर्यंत ती खिडकीवरून हलली नाही.

चौकशी मॅडमकडे आली. आजूबाजूच्या दुकानदारांनी 'आम्ही काही पाहिलंच नाही' म्हणून हात झटकले. कर्मचाऱ्याशी रोजचा संबंध, कोण वैर घेतो? राहिले दोघांचे जबाब. कर्मचाऱ्याचा आधी झाला. बाईमाणसाचा जबाब, सोबत ऑफिसातली एखादी बाई असावी म्हणून त्या दिवशी मला बसवलं. बाई सांगत होती, मॅडम स्वतःच्या हाताने लिहीत होत्या.

लिहून झालं की सहीची जागा दाखवायची, हा आमच्याकडचा रिवाज. 'वाचून दाखवला, बरोबर आहे' ही ओळ प्रत्येक जबाबाखाली असते, वाचत मात्र कोणी नाही. मॅडमनी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, झालं, आज जेवणाची सुट्टी गेली.

"मी टोपले उचलले होते, तेव्हा त्यांनी लाथ मारली," मॅडमनी वाचलं आणि बाईने त्यांना थांबवलं.

"असं नाई मॅडम. उचललं नोतं. उचलून राह्यली होती."

"तेच लिहिलंय ना? पण उचललेलं टोपलं डोक्यावर असणार. त्याला लाथ कशी लागेल?"

कर्मचारी याच एका फटीतून निसटणार होता. जबाबात विसंगती दिसली की 'तथ्य आढळले नाही' लिहून तक्रार बंद होते, आणि बाई कायमची मुजोर ठरते.

बाई उठली. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीला दोन्ही हात घालून वाकली आणि तशीच थांबली. "हे पाहा. आता मी उचलून राह्यली."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या इकडे काम चालू असलं की असंच बोलतात. जेवून राह्यली म्हणजे जेवतेय, पोट भरायचं आहे अजून."

त्यांचा चेहरा उतरला. दुसरा कोणी असता तर 'चालतंय की' म्हणून अंगठा दाबून घेतला असता. मॅडमनी वाक्य खोडलं, बाजूला स्वतःची सही केली आणि बाईचे शब्द जसेच्या तसे लिहिले. एवढ्यावर न थांबता कर्मचाऱ्यालाही परत बोलावलं. त्याच्या जबाबात होतं, 'मी तिला उठायला सांगितले होते.'

"जबाब देताना तुम्ही तोंडाने काय म्हणाला होतात?"

"मी तिले सांगून राह्यलो होतो, मॅडम."

"म्हणजे तुमचं सांगणं चालू होतं आणि तिचं उचलणं चालू होतं. मग मध्ये लाथ कशाला?"

"डोस्कं तापलं होतं," तो एवढंच म्हणाला. त्याचा तो जबाबही मॅडमनी त्याला त्याच संथपणे वाचून दाखवला. त्या दिवशी मला आमच्या ऑफिसचा अभिमान वाटला, आणि असं वाटायची मला मुळीच सवय नाही.

कर्मचाऱ्याला लेखी ताकीद मिळाली, बाजारातलं काम काढून घेतलं. बाईला बोलावून मॅडमनी आदेश वाचला. 'सदर महिला सांगितल्याप्रमाणे टोपले उचलत असताना' ही ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मग कागदाची घडी करून पदरात बांधली.

मी म्हटलं, "घ्या बाई, आता बाजारात सगळ्यांना दाखवा."

"बजारातल्या लोकाईनं तं डोयानं पाह्यलं होतं," ती म्हणाली. "हा घरी दाखवाचा हाय. आमचा माणूस त्या दिवसापासून म्हणते, तूच काई बोलली असशीन."