टाचणीनं शोधलेली नस

मंडळी, आज सकाळी माझ्या कमरेचा एमआरआय पाहिला. मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळावर टेकली होती, म्हणून पायात कळ. ते चित्र बघताना आई आठवली.

सत्तरच्या दशकाचा शेवट. आम्ही कर्जतजवळच्या गावात राहायचो. भाताचा भारा उचलताना आईच्या कमरेत लचक भरली, डाव्या पायात कळा यायला लागल्या आणि पंधरा दिवसांत तिच्या डाव्या पायाचा अंगठा वर उचलेना. चालताना पाऊल घासायचं. मामा म्हणाला, "विळा तापवून पोटरीला डाग देऊ." आई ऐकेना. शेवटी बैलगाडीत गवत पसरून तिला कर्जतच्या दवाखान्यात नेलं, मीही सोबत होते.

डॉक्टरांनी तिला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. वीतभर उचलताच ती किंचाळली. मग पायावर टाचणी टोचत नेली, तर पावलाच्या वरच्या बाजूला तिला काही कळेचना.

"कमरेत गादी सरकलीय," ते म्हणाले.

"डाक्तर, दुकतंय पायात, तुमी कमरेचं काय सांगताय?"

"पाय चांगला आहे, बाई. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी अंगठा उचलणाऱ्या नसेला दाबतेय. बहुतेकांची आपोआप आक्रसते. वजन उचलू नका."

नुसत्या टाचणीनं ओळखलं! मी बघतच राहिले.

दीड महिन्यानं आईनं पडल्यापडल्या हाक मारली, "पोरी, हिकडं ये गं, बघ!"

तिचा अंगठा थरथरत वर उठला होता. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत बसलो.

शरीराचं असं काही बघून तुम्ही कधी थक्क झालात का?