पहिली मूठ

सौदा माझ्याशी झाला आणि वसुली माझ्या मुलाकडून केली. ज्याने हे केलं त्याने मला फसवलं. हे आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं सांगतो.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अलिबागकडच्या खेड्यातून मुंबईला आलो, मुंबईहून इथे आम्हां यहुद्यांच्या देशात, अश्दोद बंदराच्या गावी. बाजारात आधी दुसऱ्यांच्या पेट्या वाहिल्या, मग स्वतःचं फळांचं दुकान थाटलं. जे तराजूत बसतं तेवढंच खरं, असं मानत आलो. नवस घ्यायला स्वतः येतो म्हणतात त्या एलियाहू हन्नाबी पैगंबराचा मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचं ताट, घरात व्हायचा, पण तो आपल्या लोकांची रीत म्हणून.

माझा एकुलता एक मुलगा रुबेन बंदरात क्रेनवर होता. त्याचं आणि माझ्या सुनेचं, मिरियमचं, पहिलं बाळ अंगभर लाल ठिपके घेऊनच जन्मलं... टाचणी टोचल्यासारखे. डोक्यात रक्तस्राव झाला. सुंतेचा आठवा दिवस उजाडायच्या आत त्याला पुरून आलो. मिरियमचं रक्तच खोटं, असं मी तिच्या तोंडावर बोललो.

इस्पितळातली डॉक्टरीणबाई रोमानियाची. तिने मला बाहेर बसवून हिब्रूत समजावलं. रक्त थांबवणारे कण असतात, प्लेटलेट्स. रुबेनच्या कणांवर एक खूण आहे, मिरियमच्या कणांवर ती नाही. बाळाने बापाची खूण घेतली, म्हणून आईच्या शरीराने ते कण परके समजून मारले. दोघंही धडधाकट... फक्त जोडी जुळत नाही. पुढच्या मुलालाही हेच होऊ शकतं, म्हणाली.

मिरियमला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी नवसाचा मलिदा घातला. पोहे अश्केलोनहून आपल्या माणसाकडचे, गूळ, खोबरं, खजूर, आणि फळं दुकानातली सगळ्यात उत्तम. ताटासमोर उभा राहून सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणालो, "घ्यायचं तर माझं घे. या लेकराला सोड." जन्मभर घासाघीस केली, पण त्या दिवशी पहिलाच भाव शेवटचा सांगितला.

आमच्या घरात ज्याचा नवस, त्यानेच ताटातली पहिली मूठ घ्यायची. म्हणजे देणेकरी तोच, हे ठरलं. मी हात पुढे केला. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने ताट उचललं. पांढरा कोट, कडाक्याच्या थंडीत पायांत नुसत्या वहाणा. मला वाटलं मिरियमच्या माहेरचा असेल. अंगाला घाण्याच्या ताज्या तेलाचा वास येत होता — गावी तेलाचा घाणा चालवणाऱ्या माझ्या आजोबांच्या अंगाला यायचा तसा. इथे अश्दोदमध्ये घाणा कुठला? त्याने माझा हात बाजूला सारला आणि पहिली मूठ रुबेनच्या उजव्या तळहातावर ठेवली.

मी भडकलो. नवस माझा आहे, हात माझा आहे, म्हणालो.

म्हातारा आमच्याच गावच्या बोलण्याच्या हेलात म्हणाला, "तुजं आन त्याचं येगलं काय रं?"

रुबेन हसला. "अब्बा, यिहये बेसेदेर," म्हणाला. सगळं ठीक होईल. आणि खाऊन मोकळा झाला. माणसांच्या गर्दीत म्हातारा कधी गेला, कळलं नाही. नंतर मिरियमच्या माहेरच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्हांला वाटलं तुमचा.

मुलगी झाली. तिच्याही अंगावर तेच ठिपके. या वेळी डॉक्टरीणबाई तयारीत होती. मिरियमच्याच प्लेटलेट्स काढल्या, धुऊन बाळाला दिल्या, कारण त्यांच्यावर ती खूण नव्हती. काही दिवसांनी सकाळी नर्सने दुपटं उघडून दाखवलं. कातडी स्वच्छ. मिरियम रडली. माझा नवस पावला, असं मी सगळ्या वॉर्डला सांगत सुटलो...

मी तिथेच उभा असताना रुबेनला बंदरातून आणलं. क्रेनचा जिना चढताना कोसळला होता. मार नाही, जखम नाही. नाकातून रक्त, आणि उजव्या तळहातापासून कोपरापर्यंत लाल ठिपके, टाचणी टोचल्यासारखे. दुसरीकडे कुठेही नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. संध्याकाळच्या आत गेला.

डॉक्टरीणबाईला मी दंडाला धरून विचारलं. ती म्हणाली, मोठ्या माणसाच्याही प्लेटलेट्स अचानक पडू शकतात. पण एका रात्रीत, असा धडधाकट माणूस, आणि ठिपके एकाच हातावर... असं म्हणत ती पुन्हा त्याचे रिपोर्ट चाळू लागली. मी रुबेनचा तो हात उचलला. तळहाताला तेलाचा वास येत होता. क्रेनचं तेल मला ओळखता येतं. ते हे नव्हतं.

नात आता शाळेत जाते. मी मराठीत बोलतो, ती हिब्रूत उत्तर देते. हसली की रुबेन दिसतो, आणि मी तोंड फिरवतो. हिच्यासाठी कोण गेलं हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. एक दिवस मी सांगणार आहे.

हे काय होतं, मला आजही कळलेलं नाही. देवाचं म्हणणारे म्हणोत. देव असेल तर जास्तच वाईट... बाजारातला चोरसुद्धा ठरलेल्या पेटीऐवजी शेजाऱ्याची पेटी उचलत नाही.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं. हैफा असो, अश्केलोन असो, तुमच्या मलिद्याला असा म्हातारा आला, तर त्याला बसवून ठेवा. ताटाला हात लावू देऊ नका. मला निरोप धाडा, दुकान उघडं टाकून येईन. रुबेन परत मागणार नाही, दिलेला माल परत येत नाही हे मला कळतं. त्याने फक्त माझ्या तोंडावर सांगावं... माझा हात पुढे होता, तो बाजूला का सारला?