तेजरामभाऊच्या जीपचा पाईप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती तशीच उठून तेजरामभाऊच्या घरी गेली असती, आणि तेच मला नको होतं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्री झाली.

देवरीत हायवेला माझं गॅरेज आहे. जंगलात, चिखलात चालणाऱ्या गाड्यांना जास्तीचं सामान बसवतो – मोठे एअर फिल्टर, आणि टपापर्यंत जाणारा तो काळा पाईप. इंजिन बॉनेटच्या आतून हवा ओढतं. नाल्याचं पाणी तिथवर चढलं की हवेऐवजी पाणी ओढतं आणि जागीच बंद पडतं. पाईप असला की हवा वरून येते. पण त्यासाठी बाजूचा पत्रा कापून पाईप आतल्या फिल्टरच्या डब्याला जोडावा लागतो, सांधे पक्के बंद करावे लागतात. दिवसभराचं काम.

गोंदियाच्या हौशी पोरांना मात्र तो फोटोपुरता हवा असतो. नव्या गाडीचा पत्रा कापायला त्यांचा जीव होत नाही. मग मी बाहेरूनच बोल्ट कसतो, आत जोडत नाही, झालं. त्यांना ठाऊक असतं, मलाही. यात पाप काय?

तेजरामभाऊचं तसं नव्हतं. जंगलातल्या त्याच्या गावात त्याची एकच जीप. बाजार, दवाखाना, लग्न – सगळं तिच्यावर. वाटेत रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा फरशीपूल, आणि पावसाळ्यात नाला त्या रपट्यावरून वाहतो. त्यासाठीच त्याने पाईप मागितला. दिवाळी नुकतीच झाली होती, आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती, घरी पाहुणे आलेले, दंडारीच्या नाचाचा ढोल वाजायला लागलेला. आणि मी – मी त्याच्या जीपलाही बाहेरूनच बोल्ट कसले. पावसाला अवकाश आहे, नंतर कापून देऊ, असं मनाशी म्हटलं. त्याला म्हटलं नाही.

नंतर? नंतर तो उन्हाळाभर गॅरेजवरून हात हलवत जायचा. एकदा तरी हाक मारायची ना? पण मग आधी केलेली लबाडी सांगावी लागली असती. मीही हात हलवायचो.

पावसाळ्यात त्याच्या शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. रपट्यावर बॉनेटला लागेल इतकं पाणी. पाईप नसता तर तेजरामभाऊ थांबला असता. सावध माणूस तो. पाईपच्या भरवशावर त्याने गाडी घातली, आणि ती मधोमध बंद पडली. लोकांनी सुनेला खाटेवर घालून पलीकडे नेलं. फार उशीर झाला. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

ट्रॅक्टरने ओढून जीप माझ्याच गॅरेजात आणली. कुणी बॉनेट उघडून पाहायच्या आत मी पत्रा कापला, पाईप जोडला. मग तेजरामभाऊला सांगितलं – गाडी जोरात घातली, लाट उसळून वरून पाईपात शिरली. "मायीच चूक," तो म्हणाला. मला वाटलं होतं तो भांडेल. का नाही भांडला?

त्याने जीप विकली. शेजारचे लोक अजून त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत. तो कुणाला काही समजावतही नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या मुलाने जुनी फोर-बाय-फोर घेतली. पाईप बसवायला तेजरामभाऊने ती माझ्याकडेच आणली. मुलाला म्हणाला, "याच्या हातचा काम आहे, भेव कायचा?" मी पत्रा कापला, डब्याला जोड दिला, एकेक सांधा बंद केला. तो दिवसभर स्टुलावर बसून बघत होता. संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाला, "मायावाल्या गाडीले त येवढा वेळ नाही लागला होता."

मी म्हणालो, या गाडीचा पत्रा जाड आहे.

तो हो म्हणाला.