माझे खोटे उपवास

"खडी फोडणाऱ्याची पोर, आन् हिला गहू नको म्हणं!"

मालकीणबाई असं म्हणाल्या आणि सगळी रांग हसली. मी दहा वर्षांची होते. मोठ्या दुष्काळाचं साल. निलंग्याकडच्या आमच्या गावाबाहेर तलावाच्या भिंतीचं सरकारी काम चालू होतं. आई-बाप तिथं खडी फोडायचे. दुपारी मजुरांच्या पोरांना सुकडी मिळायची. गव्हाच्या पिठाची, गोड. मालकीणबाई गावातल्या सगळ्यात मोठ्या घरच्या. त्यांचा नवरा कामाच्या कमिटीवर होता, म्हणून वाटपाच्या वेळी त्या छत्री लावून बसायच्या.

सुकडी खाल्ली की माझं पोट फुगायचं आणि वाहायला लागायचं. तीन-चारदा तसं झालं, म्हणून त्या दिवशी मी हात मागं घेतला. एवढंच.

"जन्मात गहू बघितला न्हाई, आतड्याला वळख कुठून असंल? ह्यांना मिलोच पाहिजे," मालकीणबाई म्हणाल्या.

मिलो म्हणजे रेशनवरची लाल ज्वारी. परदेशातून आलेली. लोक तिला जनावराचं खाणं म्हणायचे. मला ती मानवायची. पण जनावराचं खाणं आपल्याला मानवतं, हे कुणाला सांगायचं?

आईनं पाठीत धपाटा घातला. "घे गप. पुन्यांदा न्हाई म्हनलीस तर बघ."

मी घेतली. मालकीणबाईंसमोर उभी राहून सगळी खाल्ली. तासाभरात परकरातच घाण झाली. बाया तोंडाला पदर लावून बाजूला सरकल्या. धुवायला पाणी नव्हतं. प्यायलाच नव्हतं. आईनं मला मातीनं पुसलं. वर बघितलं नाही. मालकीणबाई बघत होत्या.

त्या दिवशी मला एक गोष्ट चुकीची कळली, पण पक्की कळली. गहू न पचणं ही गरिबीची खूण आहे आणि ती लपवायची असते.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, नवी भरती. मी मॅट्रिक झाले होते, टायपिंग येत होतं. क्लार्क म्हणून लागले. दुपारी बायका डबे उघडायच्या. सगळ्यांच्या डब्यात पोळ्या, माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी. आमच्या हेडक्लार्क बाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. काम त्यांनीच शिकवलं. पण एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, सरकारचा पगार घेतेस. आता तरी पोळी खा." आणि आपल्या डब्यातली पोळी माझ्या भाकरीवर ठेवली.

मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पोळीच नेऊ लागले. वजन उतरलं, केस गळाले, नखं पांढरी पडली. कचेरीमागच्या संडासाकडे दिवसातून चारदा जायचे. शिपाई मोठ्यानं म्हणायचा, "मॅडम दौऱ्यावर निघाल्या."

सगळे हसायचे. मीही हसायचे. हे लिहायला अजून जड जातं.

मग एका एकादशीला उपवास केला. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. पोट दिवसभर शांत. मी कारण शोधलं नाही, वाट शोधली. सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. मग मंगळवारही. "पोळी सोसत नाही" म्हटलं असतं तर खेडवळ ठरले असते. "आज उपवास आहे" म्हटलं की समोरचा आवाज खाली यायचा. हेडक्लार्क बाई माझ्यासाठी घरून साबुदाण्याची खिचडी आणायच्या. कचेरीच्या गणपतीत आरतीचं ताट पहिलं माझ्या हातात. "बाईंचं लई कडक असतंय," शिपाई आता असं म्हणायचा.

माझा कुठल्याच देवावर फार विश्वास नव्हता. पण आरती मी घेतली.

लग्न झालं, बदली घेऊन नांदेडला आले. उपवास बरोबर आले, आणि नव्या कचेरीतलं आरतीचं ताटही माझ्याकडेच आलं. लेक झाली. सहाव्या वर्षी तिचे हातपाय काड्या आणि पोट नगारा. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. तिथं दुर्बिणीनं आतडं पाहिलं, रक्त पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि माझीही तपासणी करायला लावली. दोघींचं एकच निघालं. सीलिॲक. गव्हात, जवात ग्लुटेन नावाचा चिकट भाग असतो. तो पोटात गेला की आमचं आतडं स्वतःलाच सोलून काढतं. औषध नाही. गहू बंद, जन्मभर, कणभरसुद्धा नाही.

"मग खायचं काय?" मी विचारलं.

"ज्वारी. तांदूळ. तुमच्याकडे तर ज्वारीच खातात ना?"

म्हणजे माझी भाकरी बरोबर होती. ती मी वर्षानुवर्षं लपवली होती.

तेव्हाच उघड बोलायला हवं होतं. नाही बोलले. कारण उपवासाचा उपयोग जास्त होता. गिरणीचंच बघा. गव्हामागून ज्वारी दळली की त्यात गव्हाचं पीठ येतंच. मी गिरणीवाल्याला सांगितलं, "पोरीला गहू चालत नाही, गिरणी झाडून द्या." तो म्हणाला, "बाई, चिमूटभर पिठानं काय हुतंय?" पुढच्या आठवड्यात किलोभर भगर नेली आणि म्हटलं, "उपवासाचं आहे." त्यानं लगेच पट्टा थांबवला. गिरणी झाडली, पुसली, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढलं. भगरीमागून मी माझी ज्वारी ओतली. हीच युक्ती पुढं चालवली. देवासाठी गिरणी पुसली जाते, पोरीसाठी नाही, हे कळत होतं. त्याचा राग यायला हवा होता. मला हुशारी वाटली.

हिंगात गव्हाचं पीठ असतं हे शोधून काढलं, हिंग बंद केला. शेवया, कुरडया बंद. घर चोख ठेवलं. आणि बाहेर काय म्हणायचं ते लेकीला शिकवलं. "कुणी काही दिलं तर सांगायचं, माझा उपवास आहे."

ती नऊ वर्षांची असताना आमच्या साहेबांकडे सत्यनारायण होता. पंगत बसली. लेकीनं शिकवल्याप्रमाणं सांगितलं. साहेबांच्या बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "एवढीशी पोर उपवास करते! बघा, आईचे संस्कार." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मग बाईंनी शिऱ्याचा द्रोण आणला. रव्याचा शिरा, तुपानं थबथबलेला. "घे बाळा. प्रसादाला उपवास आडवा येत नाही."

लेकीनं द्रोण हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे दुसरं खोटं तयार नव्हतं. दहा-बारा बायका बघत होत्या. साहेब दारात उभे होते. मी मान हलवली. खा, म्हणून.

तिनं खाल्ला. सगळा.

आठ दिवस ती अंथरुणात होती. चादरी मी धुतल्या. या वेळी पाणी होतं, एवढाच फरक. चौथ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मी तुझ्याकडं बघितलं होतं."

मालकीणबाईंनी मला खायला लावलं होतं, आईनं धपाटा घातला होता. त्या दोघींना मी जन्मभर मनात धरून ठेवलं होतं. आता मीच त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले होते, आणि धपाटासुद्धा न घालता.

श्रावणात साहेबांच्या बाईंनी पुन्हा बोलावलं. पूजा, हळदीकुंकू. मी लेकीला घेऊन गेले आणि पिशवीत डबा नेला. शिरा समोर आला.

"आम्हाला नको," मी म्हटलं.

"अहो, प्रसादाला उपवास..."

"उपवास नाही. कधीच नव्हता. मी खोटं बोलत होते. आम्हाला दोघींना गहू चालत नाही. मागच्या वेळी ह्या शिऱ्यानं ही आठ दिवस पडली होती."

मागून एक बाई म्हणाल्या, "देवाच्या प्रसादानं कुणाला बाधतं का?"

"बाधतं. मी धुतलंय."

साहेबांच्या बाई थोडं हसल्या. "असतं एकेकाचं. भाकरीवर वाढलेल्या पोटाला साजूक सोसत नाही."

तेच वाक्य. छत्रीखालून आलेलं, इतक्या वर्षांनी, शुद्ध भाषेत.

"व्हय," मी म्हटलं. "भाकरीवर वाढले, म्हणून जगले." डबा उघडला. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. लेकीला अर्धी दिली, अर्धी मी घेतली. तिथंच बसून खाल्ली. ठेचा साडीवर सांडला. लाज वाटत होतीच. लाज वाटत असतानाही खाता येतं, हे तेव्हा कळलं.

त्यानंतर त्या घरचं बोलावणं आलं नाही. गणपतीत आरतीचं ताट दुसरीकडे गेलं. गोपनीय अहवालात शेरा आला, 'सहकाऱ्यांत मिळून मिसळून वागत नाहीत.' गिरणीवाल्यालाही खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे येवढे दिवस फसवून राहिल्या व्हय? रोज पुसायला मला परवडत न्हाई, बाई."

बरोबर होतं त्याचं. मी बाजारातून दगडी जातं आणलं, पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घेतली. रोज सकाळी दोघींपुरती ज्वारी दळते. खांदा दुखतो. दुखू दे.

माझ्या घरात आता एकही उपवास होत नाही. लेकीला नवं वाक्य शिकवलंय, "मला गहू चालत नाही." कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, आणि माझ्याकडे बघायचं नाही. उद्या कुणी तिच्या हातात गहू ठेवून म्हणालं, हा देवाचा आहे, तर मी देवालाही नाही म्हणेन. मोठ्यानं. रांगेला ऐकू जाईल असं.